पेल्टो लेकची शाखा

लेम्पी कांगसला सत्तावन्न वर्षांची होईपर्यंत गाडी चालवता येत नव्हती, आणि पेल्टो लेक गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गाडी आर्वो चालवायचा. आर्वो म्हणजे तिचा नवरा. तरुणपण तांब्याच्या खाणीत घालवून, खाण बंद पडल्यावर रस्तेखात्यात बर्फ काढायच्या ट्रकवर लागलेला. निम्मं वर्ष बर्फात बुडून असलेल्या त्या मुलखात नवराच बर्फ काढत फिरत असेल, तर बायकोने स्टिअरिंगला हात लावायचा कशाला? लेम्पी शेजारच्या सीटवर बसायची, मांडीवर कॉफीचा थर्मास धरून, आणि बाहेरची झाडं बघायची. सगळा संसार तिने त्या सीटवरून पाहिला.

मग आर्वोच्या घशात गाठ निघाली.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा होता. त्या काळी रेडिएशन घ्यायचं तर मार्क्वेट शहरातल्या हॉस्पिटलला जावं लागे. जायला शंभर मैल, यायला शंभर मैल, शनिवार-रविवार सोडून रोज. गावात कुणालाही शब्द टाकला असता तर नाही म्हणाला नसता. पण शब्द टाकणं हेच तर पेल्टो लेकच्या, बापजादे समुद्रापलीकडून येऊन वसलेल्या फिनिश माणसांना जमत नाही. त्यांना ‘कसं काय?’ विचारलं तर तापाने फणफणलेला माणूस ‘बरंय’ म्हणतो, आणि मरायला टेकलेला ‘तसं बरंच म्हणायचं’ म्हणतो. आर्वो स्वतःच गाडी चालवत जायचा, मशीनखाली झोपायचा आणि स्वतःच चालवत परत यायचा. लेम्पी शेजारी. थर्मासातली कॉफी आता त्याला गिळता येत नसे, तरी ती भरून न्यायची.

एकदा परत येताना लांब चढावर त्याने गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि तो बर्फात ओकू लागला. लेम्पी उतरून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्या वेळी तिला दुःखापेक्षा लाज जास्त वाटली. आपण चांगली धडधाकट बाई, आणि हा असा माणूस आपल्याला गाडीत घालून घरी नेतोय! तेवढ्यात मागून एक जुना लाकडं वाहायचा ट्रक आला आणि थांबला. काच खाली झाली. आत वाइनो लाहती.

“काही लागतंय?”

“नाही,” आर्वो तोंड पुसत म्हणाला. “बरंय.”

“हं,” वाइनो म्हणाला.

वाइनो त्यांचा सख्खा शेजारी, कुंपणाला कुंपण लागून. पण तो ‘हॉल’चा होता आणि कांगस ‘चर्च’चे. त्यांच्या आईबापांच्या काळी खाणीत मोठा संप झाला होता, तेव्हा निम्मं गाव युनियनच्या हॉलकडे गेलं आणि निम्मं चर्चकडे. संप मिटून जमाना झाला, पण वाण्याची दोन दुकानं, कॉफीच्या दोन जागा आणि दोन दफनभूमी तशाच राहिल्या. चर्चवाले हॉलवाल्यांना ‘लाल’ म्हणत, हॉलवाले त्यांना ‘गुडघेटेके’. आर्वो आणि वाइनो वर्षानुवर्षं एकाच पाळीत खाणीत उतरले, पण ‘हातोडा दे’ यापलीकडे बोलले नाहीत. त्या दिवशी चढावर मात्र वाइनो पुढे निघून गेला नाही. आर्वोने गाडी चालू केली तेव्हा तो ट्रक त्यांच्या मागे लागला, आणि थेट घरापर्यंत त्यांच्या वेगाने मागे मागे येत राहिला. घराशी आल्यावर आपल्या फाटकात वळला, मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

बर्फ वितळायच्या आधी आर्वो गेला.

त्याची निळी रॅम्बलर गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली. आर्वोचा धाकटा भाऊ रेइनो दर आठवड्याला येऊन बॅटरी उतरू नये म्हणून ती चालू करून जायचा, आणि दर वेळी म्हणायचा, “वहिनी, विकून टाका. मी गिऱ्हाईक आणतो.” लेम्पी म्हणायची, “बघू.”

त्या शरद ऋतूत दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या तिने एका मासिकात ‘गुड माइल’ नावाच्या संस्थेबद्दल वाचलं. देशभर शाखा, मुख्य कचेरी ओमाहाला. काम एकच: आजारी माणसाला हॉस्पिटलला न्यायचं, थांबायचं आणि घरी आणायचं, तेही फुकट, आपल्या गाडीने. तिने तो मजकूर पुन्हा वाचला. डॉक्टरने हाक मारली तरी तिचं लक्ष नव्हतं.

घरी येऊन तिने ओमाहाला फोन लावला. लांबचा फोन लावायचा म्हणजे तिच्या आयुष्यात कुणी तरी गेल्यावरच. नव्या शाखांचं काम बघणाऱ्या मिसेस लोरेटा बीम फोनवर आल्या. आवाज भरघोस, बोलणं तुडुंब.

“वा! तुमच्या भागात आमची एकसुद्धा शाखा नाही. पुढाकार कोण घेणार?”

“मीच.”

“उत्तम! म्हणजे गाडी तुम्ही चालवता.”

“चालवेन,” लेम्पी म्हणाली.

लेम्पी आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती आणि तेव्हाही बोलली नाही. फक्त भविष्यकाळ वापरला. मिसेस बीमना वाटलं, फिनिश बाईचं इंग्रजी जरा कच्चं असेल. त्यांनी अटी सांगितल्या. निदान आठ चालक हवेत, भेटायला सर्वांना चालेल अशी जागा हवी, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्या स्वतः येऊन बघतील, मगच मान्यता.

रेइनोला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. “वहिनी, तुम्हाला शिवणयंत्र सोडून दुसरं काही चालवता येतं का?”

“शिकव मग.”

“मी? माझं लग्न झालंय, मुलं आहेत. मला जगायचंय.”

तो हे सगळीकडे सांगत सुटला असणार, कारण जानेवारीत एका सकाळी लेम्पीच्या दारावर थाप पडली आणि दारात वाइनो लाहती उभा. टोपी हातात. समोरच्या आळीतले दोन पडदे हलले.

“कांगसबाई,” तो म्हणाला, “तळं गोठलंय.”

“दिसतंय.”

“आपटायला तिथे काही नाही. गाडीची किल्ली घ्या.”

एवढंच आमंत्रण. लेम्पीने ऍप्रन काढला, कोट चढवला आणि निघाली.

पेल्टो लेकचं तळं गोठलं की चांगलं मैलभर सपाट मैदान होतं. गावातली निम्मी पोरं गाडी तिथेच शिकलेली. वाइनोने रॅम्बलर मधोमध नेऊन उभी केली, उतरला आणि लेम्पीला आर्वोच्या जागेवर बसवलं. सीट मागे होती, तिचे पाय पोचेनात. वाइनोने खाली हात घालून सीट पुढे ओढली. तो आवाज ऐकून लेम्पीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाइनो खिडकीतून दुसरीकडे बघत बसला आणि मग म्हणाला, “डावा पाय क्लच. तो दाबल्याशिवाय जगात काही हलत नाही.”

पहिला आठवडा गाडी सशासारखी उड्या मारत होती.

“क्लच हळू सोडा. हळू! आख्खं चर्च एकदम पाण्यात सोडताय का?”

“चर्चवर जाऊ नका.”

“बरं, हॉल. हॉल पाण्यात सोडताय असं समजा. मग तर हौसेने हळू सोडाल.”

लेम्पीला हसू आलं, आणि आपण आर्वो गेल्यापासून पहिल्यांदा हसतोय हे लक्षात येऊन ती गप्प झाली. पण पाय मात्र त्यानंतर बरा चालू लागला. फेब्रुवारीच्या मध्यावर ती तळ्याला गोल फेऱ्या घालायला लागली. मासे धरायला बर्फावर ठिकठिकाणी लाकडी खोपटी उभी असायची, त्यांच्यामधून ती नागमोडी वळणं घेई. काठावर बघे जमत. रेइनो त्यांच्यात पुढे.

आणि मग एका मंगळवारी, मागे घेताना, तिने एका खोपट्याला असा काही दणका दिला की ते कडकन आवाज करून एका अंगावर कललं. दार उघडलं आणि आतून पास्टर निएमी बाहेर आले. एका हातात गळ, दुसऱ्या हातात कॉफीचा डबा, टोपीवर बर्फाचा चुरा.

लेम्पी गाडीतून उतरली ती रडवेली होऊन. “पास्टर, लागलं का हो?”

“मला नाही लागलं. मासा होता चांगला हातभर, तो गेला.” पास्टरांनी वाइनोकडे पाहिलं. रविवारच्या प्रवचनात त्यांनी हॉलवाल्यांची कितीदा तरी हजेरी घेतली होती. वाइनोनेही त्यांच्याकडे पाहिलं.

“आज मंगळवार,” वाइनो म्हणाला. “आज तुमचा आजारी माणसांना भेटायचा वार ना?”

पास्टरांचे कान लाल झाले, ते थंडीने नव्हे. “आजारी माणसं ‘बरंय’ म्हणून दार लावून घेतात. मग मी काय करू?”

“गाडी चालवता येते ना तुम्हाला?” लेम्पीने डोळे पुसत विचारलं.

असा तिचा दुसरा चालक मिळाला. पहिला वाइनो, तो न विचारताच होता. परवान्याची परीक्षा लेम्पी दुसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्या वेळी परीक्षक ‘थांबा’ म्हणाले तेव्हा ती इतकी झटकन थांबली की त्यांचा चष्मा उडाला. त्यानंतर ती घरोघर फिरली. वाइनोने हॉलची माणसं आणली, पास्टरांनी चर्चची, आणि आठवा कोण म्हणाल तर रेइनो. “वहिनी एकट्या रस्त्यावर असण्यापेक्षा मी पुढे असलेला बरा,” असं म्हणून तो आला. बैठकीच्या जागेचा प्रश्न मोठा होता, कारण हॉलवाले चर्चच्या तळघरात पाय ठेवणार नाहीत आणि चर्चवाले हॉलची पायरी चढणार नाहीत. शेवटी अग्निशमनाच्या बंबाची शेड ठरली. आग लागली की दोन्हीकडची घरं सारखीच जळतात, असं वाइनो म्हणाला. पहिल्या बैठकीला सगळे बंबाभोवती खुर्च्या टाकून बसले, लेम्पीने केलेला वेलदोड्याचा निसू पाव कॉफीत बुडवून खाल्ला, आणि बोललं कुणीच नाही. निघताना रेइनो म्हणाला, “बैठक छान झाली.”

चालक झाले, जागा झाली. अडलं ते आजाऱ्यांवाचून. गावात काय, पंचक्रोशीत काय, आजारी एकही नव्हता! एमिल कोस्की आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जात होता, ते टपालाच्या गाडीत पिशव्यांवर बसून. त्याला विचारलं तर म्हणाला, “मला टपालाचा वास आवडतो.” हेल्मी वुओरी, म्हणजे अर्ध्या गावाला लिहायला-वाचायला शिकवलेल्या वुओरीबाई, छातीत गाठ निघाली म्हणून मार्क्वेटला रेडिएशनला जात होत्या. पहाटेच्या दूधगाडीने अर्ध्या वाटेपर्यंत, पुढे बस, पुढे पायी. त्या हॉलच्या. लेम्पी त्यांच्या दारात गेली तेव्हा त्यांनी तिला आत घेतलं, कॉफी दिली, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “चांगलं काम आहे. ज्याला गरज आहे त्याच्याकडे जा.”

लेम्पी घरी आली. ती बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. वुओरीबाईंचा तो सुरकुतलेला हट्टी चेहरा तिला ओळखीचा होता. आर्वोचा होता तो. आर्वोला कुणी विचारलं असतं, तर त्यानेही कॉफी पाजून वाटेला लावलं असतं. मग तिच्या मनात आलं, कुणी दुसऱ्या रीतीने विचारलं असतं तर? वाइनोने चढावर ‘नेतो’ म्हटलं नव्हतं, नुसता मागे मागे आला होता. ते आर्वोला चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वुओरीबाईंकडे गेली. या वेळी दारातच उभी राहिली.

“बाई, मी मार्क्वेटपर्यंत कधी गाडी नेली नाही. त्या लांब चढाची मला भीती वाटते. शेजारी कुणीतरी खमकं माणूस हवंय. याल का?”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. वुओरीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटलं तिला.

“कधी निघायचं?”

“तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा. मला काय, रोजच सराव करायचाय.”

“रोज?” बाई म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं असणार; मुलांचे बहाणे ऐकण्यात त्यांची उभी हयात गेली होती. “बरं. सकाळी सात. उशीर केलेला मला चालत नाही.”

त्या पहिल्या प्रवासाबद्दल लेम्पी पुढे वर्षानुवर्षं सांगायची. बाईंनी शंभर मैल तोंड मिटलं नाही. “ब्रेक! पुढे ट्रक आहे, दिसत नाही का? पाठ ताठ ठेव. लेम्पी, रस्ता समोर आहे, माझ्याकडे काय बघतेस? गिअर, गिअर! हे यंत्र ओरडतंय, त्याला दुखतंय!” मार्क्वेटला पोचेपर्यंत लेम्पीचा कोट घामाने ओला झाला होता. बाई आत गेल्या, लेम्पी बाहेर बाकावर बसली. परत येताना बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी डोळे मिटून सूचना चालूच. घरी पोचल्यावर लेम्पीच्या ध्यानात आलं की तो लांब चढ कधी आला आणि कधी गेला तिला कळलंसुद्धा नाही. सबंध रस्ताभर ती त्या जागेची धास्ती घेऊन होती, आणि ऐन वेळी वुओरीबाई क्लचवरून रागावत होत्या.

फाटकाशी बाई उतरल्या आणि म्हणाल्या, “वळणं वाईट आहेत तुझी. उद्या सुधारू.”

मग सगळ्यांनाच ही वाट सापडली. वाइनो एमिल कोस्कीला म्हणाला, “मला मार्क्वेटहून करवतीची पाती आणायचीत, ओझं धरायला माणूस नाही.” एमिलच्या हातात कपबशी धरायचं बळ नव्हतं, पण तो टोपी घालून निघाला. पास्टरांना अचानक मार्क्वेटला लागून असलेल्या मोठ्या सरोवराचा रंग रोज बघावासा वाटू लागला. रेइनोची तिकडे कुणी आतेबहीण निघाली, जिला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. जाणाऱ्याला ठाऊक, नेणाऱ्याला ठाऊक, आणि दोघंही डोळा न मिचकावता ते निभावून न्यायचे. गावात सकाळी सकाळी गाड्यांचे दिवे लागायला लागले. चर्चवाल्यांच्या गाडीत हॉलवाले आणि हॉलवाल्यांच्या गाडीत चर्चवाले. शंभर मैल गप्प बसवत नाही, फिनिश माणसालासुद्धा. जे बंबाच्या शेडमध्ये बोलले नाहीत ते गाडीत बोलू लागले. संपाच्या वेळी कुणाच्या बापाने कुणाच्या बापाला काय म्हटलं होतं इथपासून सुरुवात, आणि हळूहळू कुणाची मुलगी डेट्रॉइटला कशी आहे, कुणाला रात्री झोप लागत नाही, इथपर्यंत.

जूनमध्ये मिसेस बीम आल्या. मोठ्या हॅटच्या, मोठ्या मनाच्या बाई. डास त्यांना चावून चावून बेजार करत होते तरी त्या हसत होत्या. बंबाच्या शेडमध्ये सगळे जमले. त्यांनी छान भाषण केलं आणि शेवटी उत्साहाने विचारलं, “कुणाला काही विचारायचंय?”

कुणालाच काही विचारायचं नव्हतं.

“काही अडचणी?”

रेइनो खोकला, तेवढंच.

मग मिसेस बीम ज्यांना नेलं-आणलं जात होतं त्यांना भेटायला निघाल्या. लेम्पी दुभाष्यासारखी बरोबर. आधी वुओरीबाई.

“गुड माइलची सेवा तुम्हाला कशी वाटली?” मिसेस बीमनी विचारलं.

“सेवा?” वुओरीबाई म्हणाल्या. “मला कुणाची सेवा लागत नाही. मी या बाईला गाडी शिकवते. अजून पुष्कळ शिकायचं आहे तिने.”

मिसेस बीमनी लेम्पीकडे पाहिलं. लेम्पी खिडकीबाहेर बघत होती.

एमिल कोस्की म्हणाला, “वाइनोला मी ओझी उचलायला मदत करतो. म्हातारा झालाय बिचारा.” आणखी दोन दारं झाली, उत्तरं त्याच थाटाची. एकाने तर सांगितलं की पास्टरांना एकटं सोडणं बरं नव्हे, सरोवराकडे बघता बघता गाडी झाडावर घालतील.

संध्याकाळी लेम्पीने पाहुणीला सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी न्हाणी, तापवून दिली. दोघी लाकडी फळीवर घाम गाळत बसल्या. मिसेस बीमचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता.

“लेम्पी, मी तुला आनंदाने मान्यता दिली असती गं,” त्या म्हणाल्या. “पण मी कचेरीत काय सांगू? तुमच्याकडे चालक आहेत, गाड्या आहेत, पण मदत घेतलेला एक माणूस नाही. सगळे म्हणतात, आम्हीच मदत करतो.”

लेम्पीने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला. वाफेत एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बहुधा तिला बोलता आलं. आर्वोचं तिने सगळं सांगितलं. तो गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून होते, असं म्हणाली. पाठीवर हात ठेवला होता आणि लाज वाटत होती, असंही म्हणाली. “त्याला तुम्ही विचारलं असतंत ना, तर ‘बरंय’ म्हणाला असता. ही माणसं आभार मानणार नाहीत. आभार मानायचे म्हणजे आधी कबूल करावं लागतं, की आपलं एकट्याचं भागत नाही. तुम्हाला त्यांच्या तोंडून ते ऐकायचं असेल तर आमची शाखा होणार नाही. पण आर्वोसारखं कुणी आता एकटं जात नाही, एवढं मी सांगू शकते.”

मिसेस बीमनी तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, “उद्या गाडीत मागे जागा आहे का?”

दुसऱ्या दिवशी त्या रॅम्बलरच्या मागच्या सीटवर बसून मार्क्वेटला गेल्या. फिनिश त्यांना कळत नव्हतं, पण वुओरीबाई रागावतायत आणि लेम्पी हसू दाबतेय एवढं कळत होतं. परत येताना वुओरीबाईंचं डोकं हळूच लेम्पीच्या खांद्यावर कललं आणि त्यांना झोप लागली. लेम्पी तेवढा वेळ खांदा न हलवता गाडी चालवत राहिली, वळणांवरसुद्धा. मागे मिसेस बीम हॅट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वुओरीबाई जाग्या होताच म्हणाल्या, “मी डोळे मिटून तुझे गिअर ऐकत होते.”

“माझ्या लक्षात आलं,” लेम्पी म्हणाली.

ओमाहाहून मान्यता आली. त्या दिवशी वाइनो कुंपणाशी आला आणि पहिल्यांदा म्हणाला, “लेम्पी, तुझी शाखा झाली म्हणे.” इतके महिने कांगसबाई म्हणणारा माणूस. लेम्पीने त्याला आत कॉफीला बोलावलं. समोरच्या आळीतले पडदे आता हललेसुद्धा नाहीत.

वुओरीबाई त्यानंतर दोन वर्षं होत्या. चांगल्या दिवसांत त्या लेम्पीची वळणं सुधारत आणि वाईट दिवसांत नुसत्या बसून राहत. त्या गेल्या तेव्हा निरोपाचा कार्यक्रम हॉलमध्ये झाला. पास्टर निएमी आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि बोलायलाही कुणी सांगितलं नाही. ते शेवटच्या रांगेत बसले, हॅट गुडघ्यावर. वाइनोने स्वतः जाऊन त्यांच्या हातात कॉफीचा कप दिला. चर्चचा पास्टर हॉलची कॉफी पितोय हे बघायला त्या दिवशी माणसं उगाचच त्या बाजूने ये-जा करत होती. बाईंच्या मार्क्वेटच्या फेऱ्या नसत्या तर हे घडलं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अर्थातच कुणी बोललं नाही.

किती माणसं त्या गाड्यांतून गेली-आली! काही बरी झाली, बरीचशी नाही. रॅम्बलर गंजून गेली, तिच्या जागी दुसरी आली, तिसरी आली. पास्टर बदलून गेले. जाताना त्यांनी आपलं खोपटं लेम्पीला देऊ केलं, “परत धडक मारायची झाली तर आपलंच असू दे,” म्हणून. वाइनो चौऱ्याण्णव साली झोपेतच गेला, दुपारचं जेवण झाल्यावर, आरामखुर्चीत. लेम्पी म्हणाली, “शेवटपर्यंत आजारी म्हणून कुणाच्या गाडीत बसला नाही बघा.” आणि मग आत जाऊन पुष्कळ रडली.

हॉल पुढे बंद पडला. चर्चही शेजारच्या गावच्या चर्चमध्ये विलीन झालं. हॉलचे कोण आणि चर्चचे कोण हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी त्यांना त्यात भांडण्यासारखं काय होतं ते कळत नाही. शाखा मात्र आहे. बंबाच्या शेडमध्ये अजून कॉफी होते.

लेम्पीने ऐंशीव्या वर्षी गाडी चालवणं सोडलं. शेवटच्या वर्षी तिने केल्सी नावाच्या तरुण मुलीला आणलं-नेलं. नवऱ्याच्या नोकरीपायी गावात नव्यानेच राहायला आलेली, मोकळी, बोलकी. तिने स्वतःच फोन करून सांगितलं होतं, “मला आजार आहे, मला न्याल का?” इतकं सोपं! पहिल्या दिवशी परत आल्यावर केल्सीने गाडीतच तिला मिठी मारली. “थँक यू, आजी. तुम्ही नसता तर मी काय केलं असतं!”

एवढ्या वर्षांत असं कुणी लेम्पीच्या तोंडावर बोललं नव्हतं. तिचे कान गरम झाले. “मला तसंही जायचंच होतं,” ती पुटपुटली.

“कशाला?” केल्सीने निरागसपणे विचारलं.

लेम्पीने पुष्कळ आठवून पाहिलं, पण त्या मुलीला पटेल असं काही सुचेना. शेवटी ती हसली आणि म्हणाली, “उद्या सातला तयार राहा.” केल्सी हात हलवत आत गेली. लेम्पी गाडी चालू ठेवून थोडा वेळ तशीच बसली. चांगली मुलगी, तिला वाटलं. चांगलंच झालं, की आता माणसं मागतात. तरी ती करवतीची पाती, ती न पाहिलेली आतेबहीण आणि तो सरोवराचा रंग तिला त्या दुपारी फार आठवले.